बदलणारा ठिपका

माय, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज परभणीला आलेय, माझ्या जुन्या शाळेनं सत्काराला बोलावलं म्हणून. मला आकाशात नवा तारा सापडला, असं इथे सगळ्यांना ठाऊक झालंय. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचे क्ष-किरण फक्त उपग्रहावरच्या दुर्बिणीला दिसतात. काही आठवडे झळकतो, मग महिनोन् महिने नाहीसा होतो. मला आनंद व्हायला हवा, पण खरं सांगू, नुसता थकवा आलाय.

जुन्या निरीक्षणांत तो ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा आमचे वरिष्ठ म्हणाले, "यंत्रातला दोष आहे. वेळ घालवू नका." मी मान डोलावली. जागेवर येऊन बसले आणि तू कामाला होतीस त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली एक दुपार आठवली. शाळा सुटली की मी तिथेच यायचे. तू फरशी पुसायचीस, एक्स-रेच्या ओल्या फिल्मा वाळत लावायचीस. पेडगावची एक बाई बाकड्यावर खोकत बसलीय. फोटो काढणारे साहेब फिल्म उजेडासमोर धरून म्हणतात, "धुताना डाग पडलाय. छाती साफ आहे, जाऊ द्या तिला." तू बादली खाली ठेवतेस.

"साहेब, दुसरा फोटू काढा की. बाई लय खोकायलीय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"न्हाई कळत. म्हणून तर म्हणायले, पुन्हा काढा."

दुसऱ्या फिल्मवरही डाग त्याच जागी होता. टीबी निघाला, औषधं सुरू झाली, बाई वाचली. साहेब महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. घरी जाताना मी हसून म्हटलं, "माय, तू तर डॉक्टर झालीस!" तू रस्त्यातच थांबलीस. "हसू नको. ते चुकले म्हणून मी हुशार ठरत न्हाई. ती बाई मेली असती."

मग मीही पुन्हा बघायला लागले. पाच वर्षं गेली त्यात. दुर्बिणीचा वेळ मागणारा अर्ज दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा दुर्बीण तिकडे वळली, तर तिथे काहीच नव्हतं. लोकांनी माझ्यासमोर तो विषय काढणंच सोडलं. सात महिन्यांनी तो त्याच जागी पुन्हा उजळला. वरिष्ठांना दाखवलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे, लिहून काढा." एवढंच. त्या दिवशी मी डबाही न उघडता घरी येऊन झोपले.

आज सत्कारात आठवीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, तुमची आई काय करायची?" अख्खी शाळा माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "वैद्यकीय क्षेत्रात होती." टाळ्या पडल्या.

हे कागद कुणाला द्यायचे नाहीत, म्हणून लिहिते. फरशी पुसायची, हे शब्द अगदी ओठांवर आले होते, माय. मी ते गिळले.