मुंग्यांचा उकिरडा

पिनोतेपा, २८ फेब्रुवारी १९८८

चि. नाबोर यास एउफ्रासियाताईचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल. बाळ एप्रिलात येईल असं सुईण म्हणते. पोटात आत्ताच तुझ्यासारखं वळवळतंय. लिहायचं कारण वेगळं. रानातलं पान न् पान गळलं, हिरवी राहिली ती विहिरीच्या पाण्यावरची तुझ्या दाजींची सहा लिंबं. ऊन उतरलं की पानकाप्या मुंग्यांची रांग लागते. दोन झाडांचे चार दिवसांत खराटे झाले. दाजींनी विषाची पावडर आणलीय, आणि वारुळाचं तोंड विहिरीपासून दहा पावलांवर. मी म्हटलं, हेच पाणी मी पिते. तर म्हणाले, मग काय मुंग्यांना हात जोडू? शेवटी ईस्टरपर्यंत थांबायला कसेबसे कबूल झालेत.

मुंग्यांमागे हिंडणाऱ्याला आयतं कोण गिळायला घालणार, असं ते तुला भरल्या ताटावर बोलले आणि तू घर सोडलंस, त्याला चार वर्षं झाली. मी विसरलेले नाही. तरी उत्तर धाड.

तुझी वाट पाहणारी,
ताई

चामेला, ८ मार्च

ती. ताईस नाबोरचा सा. न. वि. वि.

विष टाकू देऊ नकोस. त्याची गरजही नाही. इथे रानात मी रोज याच मुंग्या बघतो. त्या पानं जमिनीखाली नेतात, चावून चावून त्यावर बुरशी पिकवतात आणि ती बुरशी पोरांना भरवतात. बुरशी नासली तर सगळं घर उपाशी. म्हणून घाणीची त्यांना भारी धास्ती. पानांचा चोथा, मेलेल्या मुंग्या, सगळं बाहेर एका जागी नेऊन टाकतात. वारुळाच्या उताराला तपकिरी ढीग दिसेल, तोच त्यांचा उकिरडा. तो लिंबांच्या बुंध्याभोवती वीतभर रुंद पसरा. मी इथे ज्यांच्या हाताखाली काम करतो, त्या संशोधक बाई आधी हसल्या होत्या. एका रोपाभोवती पसरून दाखवला, तेव्हा वही घेऊन बसल्या.

आणि दाजींना विचार, वारूळ मेल्यावर पावसाळ्याच्या तोंडी पंखवाल्या मुंग्यांची चटणी कशाची करायची? बोटं तर तेच चाटतात.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
नाबोर

पिनोतेपा, १९ मार्च

चि. नाबोर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझा उपाय फसला. दाजी कुरकुरत गेले, पोतंभर उकिरडा आणून सहाही झाडांना घातला. पहिल्याच संध्याकाळी मुंग्या त्यावरून अशा गेल्या, जणू आम्ही त्यांच्यासाठी रस्ता बांधलाय. तिसरं झाड गेलं. दाजींनी पावडरीचा डबा आता दाराशी आणून ठेवलाय. त्यांचाही जीव तुटतो रे, ही कलमं त्यांच्या हातची. दुसरं काही ठाऊक असेल तर लगेच लिही. नसेल तर तसं कळव, म्हणजे मी आत्तापासून ओढ्याचं पाणी आणायला लागेन.

ताई

चामेला, २६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चूक माझी. उकिरडा ताजा हवा, हे लिहायचं राहिलं. दाजींनी ढिगाचा खालचा वाळका भाग भरला असणार, कारण पोत्यात तोच सहज येतो. जुनं वाळलं की मुंग्यांना ती नुसती माती. त्या आज जिथे टाकतायत तिथला, वरचा, ओलसर आणि वास येणारा घ्या. त्याच वारुळाचा घ्या, आणि दर तीन दिवसांनी नवा घाला. माझ्यावर विश्वास नसेल तर एकाच झाडाला घालून बघा म्हणावं. मी बिनघोर आहे.

ओढ्यावर जाऊ नकोस. अशा दिवसांत घडा उचलायचा नाही.

तुझा,
नाबोर

पिनोतेपा, १७ एप्रिल

नाबोर यांस लिओन्सियोचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमचं पत्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, पोचलं. तीन लिंबं राहिली होती, तिन्हींना ताजा उकिरडा घातला. मुंग्या आल्या, मिशा हलवल्या, कडेकडेने फिरल्या आणि मागे गेल्या. आता त्या ओढ्यापलीकडच्या झाडाची गळलेली फुलं वाहतात. खराटा झालेल्यांनाही पालवी फुटतेय. डबा मी दुकानात परत करून आलो.

मंगळवारी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पाद्रीबाबांनी धर्मपित्याचं नाव विचारलं, मी तुमचं सांगितलं. एउफ्रासिया रागावली, म्हणाली, आधी त्याला विचारायचं असतं. म्हणून विचारतो. त्या दिवशी ताटावर बोललो ते चुकलंच, पण ते कागदावर नीट येत नाही, समोर सांगेन.

बारसं मेच्या पहिल्या रविवारी. तुम्ही तिला हातावर घेतलंत की मी तुम्हाला मेहुणे म्हणणार नाही, बाप आणि धर्मपिता एकमेकांना म्हणतात तसं कोम्पाद्रे म्हणेन. आपल्याकडे त्या नात्यात भांडायला बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शुक्रवारच्या बसला मी फाट्यावर उभा असेन.

लिओन्सियो