त्रेसष्ट टक्क्यांवर गडगडाट

यालपारा रोड,
बुधवार, १५ ऑक्टोबर

प्रिय नोला,

सगळ्यात आधी हे वाच: मर्व्ह जिवंत आहे. दर नाताळाला आपण एकमेकींना जे कार्ड धाडतो त्यातल्या दोन ओळींपलीकडे ("सगळे बरे. पाऊस बेताचा.") गेल्या अठरा वर्षांत माझ्याकडून तुला काही आलेलं नाही, तेव्हा एवढं जाड पाकीट पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असणार. तुझा भाऊ धडधाकट आहे. गेल्या गुरुवारी ॲडलेडला त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, नवा खुबा बसवला, डॉक्टर खूश आहेत (नर्सांचं मी सांगत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा मानवते का? गेल्या कार्डावरच्या फोटोत तुझी मांजर चांगलीच सुटलेली दिसली, तिला जरा आवर. माझं म्हणशील तर दिसायला मी ठीक आहे, पण सोमवारपासून धड जेवण नाही, डोळ्याला डोळा नाही आणि फोन वाजला की आधी भिंतीवरचं घड्याळ बघते. फोनच करणार होते तुला, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर पुन्हा करायची हिंमत झाली नसती. पत्र निदान फाडायच्या आधी माणूस वाचतो.

आमच्या कॉम्प्युटरवर वर्षभर एक सूचना येत होती. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्याला, मग रोज सकाळी चहाच्या वेळेला, की ऑक्टोबरच्या चौदा तारखेनंतर या जुन्या सिस्टीमचं रक्षण केलं जाणार नाही, तरी नवी घ्या. तुला माहीत आहे, मी भित्री नाही. अंगणातला तपकिरी साप मी खराट्याने वाटेला लावलेला आहे, वणवा रस्त्यापलीकडे असताना पाण्याच्या टाकीवर उभी राहिलेली आहे. पण तुमचं रक्षण करणार नाही असं मला आजवर कुणी लेखी कळवलं नव्हतं. मर्व्ह म्हणायचा, ते दुकानदार आहेत, घाबरवून विकतात. जाताना गाडीत बसता बसता त्याने मला बजावलं, "ग्लेनिस, माझ्या माघारी त्या यंत्राला हात लावायचा नाही. मी आलो की बघू." आणि त्याचा तो आलो की बघू चौदा तारखेच्या दहा दिवस पलीकडे पडत होता. दहा दिवस बिनारक्षणाचं घर. मी रोज ती सूचना बंद करायची आणि तिचा आकडा एकाने कमी झालेला पाहायची.

त्यात लॉर्ना नोस्के. (तुझ्या वेळी ती नव्हती. चार किलोमीटरवर राहते, आमची जमीन आता तिचा मुलगा कसतो.) लॉर्नाने स्वतःचा कॉम्प्युटर ऑगस्टमध्येच बदलून घेतला होता. तिच्या पत्त्यांच्या डावाचे सगळे गुण गेले आणि अक्षरं इतकी मोठी झाली की ती आलेलं पत्र कपडे वाळत घालता घालता खिडकीतून वाचते, पण ती म्हणते फार सोपं आहे. उंटावरून शेळ्या हाकायला तिला फार आवडतं. "अगं, एक बटण दाब आणि केक भट्टीत घाल. केक फुगेपर्यंत होतंय." मी विचारलं, आणि आतल्या वस्तूंचं काय? ती म्हणाली, "घराला रंग दिला म्हणून कपाटातल्या चादरी जातात का?"

आता आमच्या कपाटात काय होतं ते तुला नव्याने सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यात पाऊस होता. तुमच्या आजोबांनी एकोणीसशे एकतीस साली कुंपणाच्या खांबाशी पर्जन्यमापक रोवला त्या दिवसापासूनचा रोजचा पाऊस, सकाळी नऊ वाजता वाचलेला, एक सकाळ न चुकवता. (त्यांच्या लग्नाच्या दिवशीही वाचला होता, सतरा पॉइंट. नव्या मापाने चार मिलिमीटर.) तुझे वडील असताना तो वहीत होता. वडील जायच्या आदल्या हिवाळ्यात मी ती वही समोर ठेवून सगळी कॉम्प्युटरवर उतरवली, पुढची भर मर्व्ह रोज घालतो. आणि वडिलांच्या मातीच्या दिवशी सँडविच आणि चहाच्या टेबलाशी, सगळ्या गावासमोर, तो तुला काय बोलला ते मी पुन्हा लिहीत नाही. बहिणीने घरातला पाऊस चोरून नेला हे काय बोलणं झालं. तू एवढंच म्हणालीस, की त्यात माझं अक्षर आहे, आणि गाडीत बसलीस. खरंच होतं ते. सहा वर्षांची असल्यापासून घासलेटच्या डब्यावर चढून रोज सकाळी माप तूच वाचायचीस आणि तूच लिहायचीस, मर्व्ह तेव्हा पाळण्यात होता. तेव्हापासून तुझा विषय निघाला की हा म्हणतो, "वही तिला लखलाभ, माझ्याकडे कॉम्प्युटरात आहे." या एका वाक्यावर त्याने अठरा वर्षं काढली. दुसरी प्रत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरांत तो पेन्सिलीने आकडे लिहायचा, ती शेडमध्ये रचून ठेवली होती, पण उंदरांचं वर्ष आलं आणि उंदरांनी चाळीस वर्षांचा पाऊस खाऊन टाकला.

म्हणून मी काळजी घेतली. लॉर्नाने दिलेली बोटाएवढी काडी घेतली, कॉम्प्युटरला लावली आणि पडद्यावरचं "पाऊस" लिहिलेलं चित्र ओढून त्या काडीत टाकलं. अर्ध्या सेकंदात गेलं. मला नवल वाटलं की शंभराला सहा कमी एवढ्या वर्षांचा पाऊस इतक्या लवकर कसा गेला, पण आमच्याकडे तसा पडतोच कमी. काडी मी साखरेच्या डब्यात ठेवली आणि निर्धास्त झाले. (त्या काडीत फक्त चित्र आलं होतं. पाऊस जिथल्या तिथे राहिला होता. हे मला नंतर कळलं.)

सोमवारी नऊला माप वाचलं, शून्य होतं, शून्य नोंदवलं, केक भट्टीत घातला आणि बटण दाबलं. पडदा निळा झाला. मधोमध टक्के, आणि खाली लिहिलेलं, की कॉम्प्युटर बंद करू नका. केक फुगला, खाली बसला, थंड झाला, तेव्हा एकवीस टक्के झाले होते. मी खुर्ची ओढून समोर बसले. एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसले होते, उठायची भीती वाटत होती. दुपारी दोनला त्रेसष्ट टक्के झाले आणि पश्चिमेला गडगडलं.

आता आमच्या घरचा कायदा तुला पाठ आहे, तुझ्याच वडिलांनी केलेला. चौऱ्याऐंशी साली विजेने टीव्ही फुटला आणि पडद्याला भोक पडलं, तेव्हापासून पहिला गडगडाट झाला की घरातली एकूण एक पिन भिंतीतून उपटायची. विचार करायचा नाही, आधी उपटायची. या भागात कुणी विचारच करत नाही. ढग गुरगुरला की घराघरांतून बायका वाकलेल्या दिसतील. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती जागा मी सोमवारी पाहिली. पडदा म्हणतोय बंद करू नका, आणि कोरड्या वादळाचा ढग कोठाराच्या छपरावर आलाय. मी एक हात पिनेवर ठेवून पडद्याला मोठ्याने विनवलं, की बाबा, चौसष्ट तरी कर. दुसऱ्यांदा गडगडलं ते खिडक्या हलवून. चाळीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नाही. पिन माझ्या हातात आली होती.

पाऊस किती पडला म्हणशील तर मंगळवारी सकाळी मापात भरला एक मिलिमीटर. चार पॉइंट. एवढ्यासाठी.

वादळ गेल्यावर पिन परत लावली. बराच वेळ गोल गोल फिरून कॉम्प्युटर जागा झाला आणि त्याने मला नमस्कार केला, जसं काही आम्ही पहिल्यांदाच भेटतोय. तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत, म्हणाला. इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसले त्याने ओळख दाखवू नये म्हणजे काय? पडद्यावर आमच्या कुत्र्याचा फोटो असायचा, त्या जागी कुठल्या तरी परदेशातले डोंगर. पाऊस नाही. चित्र नाही. साखरेच्या डब्यातली काडी लावली, ती म्हणाली, ही वस्तू जिथे होती तिथे आता नाही. हे मलाही दिसत होतं. मी यंत्र बंद केलं, त्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि तेव्हापासून त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही.

मर्व्ह रोज संध्याकाळी सहाला हॉस्पिटलातून फोन करतो. कशी आहेस वगैरे नाही, एकच शब्द: "किती?" मी मंगळवारी सांगितलं, एक मिलिमीटर. तो म्हणाला, नोंदवलास ना? मी नोंदवला म्हटलं. (नोंदवला होता, पावाच्या वेष्टनावर.) मग आपणहोऊन म्हणाला, की पडल्या पडल्या त्याला एक सुचलंय, घरी आलो की सगळी वर्षं ओळीने लावून बघायची, कोरडी कुठली, ओली कुठली. "वडिलांचं त्र्याहत्तर साल बघायचंय मला," म्हणाला. भूल उतरल्यापासून तो असं बोलायला लागलाय. मी त्याच्या आरडाओरड्याला भीत नाही, तो ओरडतच नाही. तो गप्प होतो. तुझ्यावर तो अठरा वर्षं गप्प आहे, नोला. मला आता सत्तरी लागली, मला एवढी वर्षं परवडणार नाहीत.

असो. मांजरीला जप, गुडघ्यांना शेक घे. थंडी सरली तरी सकाळी गारवा असतो.

तुझी (घाबरलेली),
ग्लेनिस

ता. क. या सगळ्यावरून तुला कळलंच असेल की मला वही हवी आहे, पुढची अठरा वर्षं गेली तर गेली, निदान मागची तरी परत मिळतील. फोटो काढून पाठवलेस तरी चालेल, पण कशावर पाहणार? वहीच पाठव. मर्व्ह शुक्रवारी चोवीस तारखेला संध्याकाळी घरी येतोय.

ता. क. २. सही करून झाल्यावर तासभर पाकीट चिकटवलं नाही. नोला, त्या दिवशी वही तू उचलली नाहीस. तू स्वयंपाकघराच्या दारामागे ती उराशी धरून रडत होतीस आणि मीच म्हटलं, ने, माझ्याकडे सगळी टाइप केलेली आहे, आणि मीच ती तुझ्या पिशवीत घातली. मग चहाच्या टेबलाशी मर्व्हने तुला चोर म्हटलं आणि मी किटली हातात धरून गप्प उभी राहिले. नव्या सुनेची भीती म्हणायला मी काही तेव्हा नवी नव्हते. तू माझं नाव घेतलं नाहीस, कार्डातही कधी नाही. कॉम्प्युटरने नमस्कार केला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की याला माझं सगळं ठाऊक आहे, म्हणूनच हा ओळख दाखवत नाही. आज सहाचा फोन आला तेव्हा मी मर्व्हला सांगून टाकलं, वहीचंही आणि पाऊस गेल्याचंही. तो गप्प झाला. मी घड्याळाकडे बघत होते, चार मिनिटं. मग म्हणाला, "मग ती एवढी वर्षं बोलली का नाही?" आणि थोड्या वेळाने, "तिच्याकडे आहे ना ती वही? बरी आहे ना?" वहीबद्दल विचारत होता की तुझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

ता. क. ३. गुरुवार सकाळ. आत्ता लॉर्ना आली होती. तिने टेबलक्लॉथ काढला, कॉम्प्युटर एकदा बंद करून पुन्हा चालू केला, बस्स. कुत्रा परत आला. पाऊस परत आला, एकतीस सालापासून, एकही पॉइंट न सांडता. यंत्र म्हणे घाबरून मला तात्पुरत्या खोलीत बसवून आलं होतं, माझी खोली शेजारीच होती. मी लॉर्नाला केक देऊन वाटेला लावलं आणि शपथ घातली. आता हे ती जाणते, मी जाणते आणि तू. झाकली मूठ सव्वा लाखाची. अठरा वर्षांचं एक लपवणं काल संपलं, आजपासून नऊ दिवसांचं दुसरं सुरू. पाऊस परत आल्याचं मर्व्हला कळता कामा नये, त्याला वही लागली पाहिजे. तेव्हा वही टपालाने पाठवू नकोस, टपालाचा काय भरवसा. तू स्वतः घेऊन ये. शनिवारी पंचवीसला, सकाळी नऊच्या आत. त्याला दीड महिना वाकायची मनाई आहे, तो खिडकीशीच उभा असेल. माप तू वाच.