उंबऱ्यावर पेटवलेली आगबोट

मंगळवार, ६ मार्च १९७३, संगमनेर

जामखेडहून धाकट्या बहिणीचं, सुशीचं पत्र आलं. मी तिला करून दिलेली, मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची खेळण्यातली आगबोट वाया गेली. लिहिते, "दादा, सोडायला पाणी कुठं हाय? टँकरचं दोनच हंडं मिळत्यात. उंबऱ्यावरच मेणबत्ती लावली. म्हटलं, फटफट आवाज तरी ऐकू. जोडाचा डाख वितळून नळ्या गळून पडल्या. रागावू नको."

राग आलाच नाही.

पेटवण्याआधी नळ्यांत चमचाभर पाणी भरायचं असतं, नाहीतर डाख वितळतो, हे मी सांगितलंच नव्हतं. इथं मी कामाला आहे त्या कारखान्यामागं पाट वाहतो. चमचाभर पाण्याचं काय सांगायचं, असं वाटलं का मला? मी तर तिथलाच, दुष्काळी जामखेडचा.

बोट करायला शिकवली आमच्या फिटरनं, नानांनी. म्हणाले होते, "झाली की पुढं कुणाला तरी दे. ठेवून घेऊ नको."

आज पाळी सुटताना त्यांनी विचारलं, "काय जामखेडकर, बोट कुठवर गेली?"

"लई लांब, नाना."

"व्हय? मग दुसरी करायला घे." किती खूश झाले.

जेवून पाटावर हात धुतले. ओंजळीत चमचाभर पाणी राहिलं. ते टाकायला हात उघडेना.