धारेवरची मध्यम वाट

आदरणीय आद्दीदादांस,

धाकट्या बास्सूचा सलाम. अल्लाहच्या कृपेनं इकडे माणसं, शेळ्या आणि अक्रोडाची झाडं सुखरूप आहेत. तिकडे मेकनेसला तुमची तब्येत आणि वहिनींचे गुडघेही तसेच असोत. (फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता. पत्रात मला संधी मिळते.)

आमच्या तूदाच्या लग्नासाठी तुम्ही घातलेली अट मी घरात जशीच्या तशी ऐकवली. मुलाचे वडील सी लार्बी आपल्या डोंगराच्या धारेवरून एका दिवसात फेरा मारून परत यायला हवेत, तेही तुमच्या सोबतीनं, तुमच्या डोळ्यांदेखत. तरच शहरात मुलगी द्यायची. वडिलांच्या पश्चात घरात शेवटचा शब्द तुमचा, म्हणून तूदाच्या आईनं ब्रसुद्धा काढला नाही. (भांडी मात्र जरा जोरात घासली.) पोरीचं मन त्या मुलावर बसलेलं आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा वाट आखायचं काम मी स्वतःकडे घेतलं. फार अवघड नको, अगदी पोरखेळही नको. सर्व कामांत मधलं ते उत्तम, असं आपल्याला मशिदीच्या ओसरीवर शिकवलं, पण ते डोंगराला लावून कुणी पाहिलं नव्हतं. ते आपल्या घराण्यानं केलं, हे नम्रपणे नोंदवतो.

पाणवठ्यापासून चढायचं, देवदारांमधून धारेवर यायचं, धारेनंच खिंडीपर्यंत जायचं आणि ओढ्याच्या कडेनं उतरून घरी. वर उभं राहिलं की डाव्या हाताला आपली जवाची वावरं पायऱ्यांसारखी उतरत जातात आणि उजवीकडे बर्फाची शिखरं. वाट आखायला गेलो त्या दिवशी तिथं मी दुपारची नमाज पढलो, तेव्हा मागायचं काही आठवेचना.

पण हे गावाला समजावणं सोपं नव्हतं. आपल्या तामूआत्यानं विचारलं, "जायचं कुठं?" म्हटलं, कुठं नाही, परत इथंच. "इथंच यायचंय तर उठतोस कशाला मेल्या? बस की, चहा टाकते!" माझा मेहुणा हमू म्हणाला, "दाजी, खळ्यातलं खेचरही गोल फिरतं, पण त्याच्या पायाखाली निदान जव तरी असतात." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि चाचणीसाठी त्यालाच बरोबर घेतलं.

पहाटेची नमाज आटोपून आम्ही निघालो. आता पाणवठ्याकडची वाट कुणाकुणाच्या दारावरून जाते, ते तुम्हाला सांगायला नको. आत्याच्या दारात चहा झाला. एक पेला घेऊन उठणं म्हणजे भांडण, म्हणून तीन झाले. मग हमूची सासुरवाडी. तिथं चहाबरोबर लोणी, मध आणि गरम रोटी. मग इमामसाहेबांचं घर. तिथं नाही म्हणणं म्हणजे पाप. सूर्य डोक्यावर आला आणि आम्ही इमामसाहेबांच्या अंगणात उशांना टेकलेले. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी तूदाची आई तिथून स्पष्ट दिसत होती. ती ओरडली, "अहो, अजून निघायचंय की जाऊन आलात?" हमू हसला. मी हसलो नाही. तोंडात रोटी होती.

मग मी ठरवलं की घरोघर जाऊन विनवायचं, त्या दिवशी पाहुण्यांना चहा देऊ नका. ही विनंती अर्थातच प्रत्येक घरी चहा पिताना करावी लागली. आत्या भडकली. "माझ्या दारावरून सोयरा कोरडा गेला, हे माझ्या नावावर लावतोस? तुझ्या बापाला मी कडेवर खेळवलंय!" (बाबा तिच्याहून मोठे होते, पण तेव्हा ते काढण्यात अर्थ नव्हता.) शेवटी तोड निघाली, आणि ती मला सुचली. तिन्ही घरांनी आपापली किटली घेऊन खिंडीत जमायचं आणि तिथं एकदाच, सगळ्यांचा मिळून चहा. आता अख्खं गाव येणार म्हणतंय. आत्या खेचरावरून येणार आहे. असा फेरा दुसऱ्या कुठल्या दरीत असेल तर दाखवावा.

तेव्हा येत्या जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी यावं. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
बास्सू

ता. क. एक सांगायचं राहिलं. सी लार्बी मागच्या आठवड्यातच न कळवता येऊन गेले. वाट एकदा नजरेखालून घालू द्या म्हणाले. तिन्ही घरी तीन-तीन पेले चहा घेऊन, पूर्ण धार चालून, दिवस मावळायच्या आत खाली. घामसुद्धा नाही. वर मला विचारतात, "पलीकडची उंच धार कधी दाखवता?" वाट मध्यम केली ती त्यांच्यासाठी नव्हे, दादा. गेल्या ईदला तुम्ही आमच्या जिन्यात दोनदा बसला होतात.

पुन्हा ता. क. चढाच्या सुरुवातीला, गावाच्या नजरेआड, हमू तुमच्यासाठी खेचर घेऊन उभा राहील. कुणाला सांगणार नाही अशी त्यानं शपथ घेतली आहे. किंवा आजच उलट टपाली "हो" कळवलंत, तर अटच उरत नाही आणि तुम्हाला एक पाऊल चढावं लागत नाही. पोरगी रोज दोनदा टपालवाल्याच्या वाटेकडे बघते.

अगदी शेवटचं. "हो" कळवलंत तरी या. वाट खरंच फार सुंदर झाली आहे.