अठरा खवल्यांची भिंत

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल घडलेला प्रकार क्रमाने लिहिते.

१. तू बाहेर गेली होतीस. माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडलं.
२. बैठकीच्या भिंतीवर मी बसवलेल्या अठरा खवल्यांपैकी अकराच जागेवर होते.
३. नियमाप्रमाणे मी सर्वांत वरच्या खवल्यात मगभर पाणी ओतलं.
४. ते दुसऱ्या ओळीपर्यंत आलं. पुढचा खवला नव्हता. पाणी खाली ठेवलेल्या माझ्या पिशवीत गेलं. पिशवीत ऑफिसची ड्रॉइंग होती.
५. एका रिकाम्या हुकाला परक्या माणसाची छत्री टांगलेली होती.

रचना पुन्हा एकदा सांगते, कारण बसवताना तू कौतुक करत होतीस, ऐकत नव्हतीस. माशाच्या अंगावर खवले असतात तशा या कुंड्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या आहेत. वरच्या खवल्याचं टोक खालच्याच्या तोंडात येतं. वर एकदा पाणी ओतलं की प्रत्येक रोप आपला वाटा घेतं आणि उरलेलं पुढे जातं. दोन खोल्यांच्या घरात जमिनीवर कुंडीला जागा नसते, म्हणून हा सगळा खटाटोप. मधला एक जरी काढला तरी साखळी तुटते. तू सात काढलेस.

वीस तारखेला आमचे साहेब ही भिंत बघायला येणार आहेत. राहत्या घरात ती नीट चालताना दिसली तर ही रचना उत्पादनासाठी कारखान्यात जाईल. नाही दिसली तर माझं दोन वर्षांचं काम बंद होईल आणि मी पुन्हा नहाणीच्या जाळ्या आखायला बसेन. जाळीला भोकं पाडण्यापलीकडे तिचं काही करता येत नाही, हे मी तीन वर्षं करून पाहिलं आहे.

सात खवले कुठे आहेत ते कळव. लोभ असावा, आणि खवलेही.

तुझी भाची

ता. ८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी वाटलं, पाणीखात्याची नोटीस आली. सही बघितल्यावर कळलं, आपलीच भाची. वाढदिवसाचा केक पट्टीने मोजून कापणाऱ्या मुलीकडून दुसरं काय येणार म्हणा! फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून मीही कागदच घेतला.

तुझे सातही खवले ठणठणीत आहेत. पहिला वरच्या मजल्यावरच्या नर्सने नेला. ती पुदिन्याची चार पानं मागायला आली होती. नुकतं फुटलेलं रोप खुडायला माझा जीव होईना. खवला एका हाताने निघतो हे तूच मला दहादा करून दाखवलं होतंस. दिला काढून. आठवड्याने तिने परत आणला तो पुदिना दुप्पट करून, आणि जाताना मनीप्लांट घेऊन गेली. तिने तिच्या शेजारच्या चष्मेवाल्यांना सांगितलं, त्यांनी समोरच्या शिवणवालीला. छत्री चष्मेवाल्यांची. नेचा नेताना अनामत म्हणून टांगून गेले. मी नको नको म्हणत होते, पण ते म्हणाले, व्यवहार म्हणजे व्यवहार. तुझं आणि त्यांचं छान जमेल.

एक गंमत सांगते. अंगणाचं घर सोडून इथे आले, तेव्हा दोन महिने बेल वाजलीच नाही. बिघडली असणार म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने दाबली, तर खणखणीत वाजली. म्हणाला, बाई, बेल उत्तम आहे, कोणी दाबत नाही एवढंच. त्याच्यापुढे मी हसले. आता मात्र दुपारी डोळा लागू देत नाहीत मेले.

तुझ्या खोलीच्या भिंतीवर काय लावलंयस ग? झाडांच्या भिंती करणाऱ्या मुलीकडे जंगलच असेल. जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते काही मोजून देत नाही.

तुझी आत्या

ता. ११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खवले ठणठणीत असल्याचं वाचलं. बेलबद्दलही वाचलं. हे तू मला तेव्हा सांगितलं नव्हतंस.

तरीही अठरा तारखेपर्यंत सर्व खवले जागेवर हवेत. पुन्हा असं होऊ नये म्हणून मी पितळेचा एक छोटा अडसर तयार केला आहे. तो बसवला की स्क्रू-ड्रायव्हरशिवाय खवला निघणार नाही. वीसला सकाळी येऊन अठराही अडसर लावीन. साहेब दुपारी येतील.

चष्मेवाल्यांना छत्री परत दे. साहेबांसमोर कृपा करून नर्सचा, चष्मेवाल्यांचा किंवा केकचा विषय काढू नकोस.

बाकी ठीक. लोभ आहे, तो या महिन्यापुरता शिस्तीत असावा.

तुझी भाची

ता. १६ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

हुकूम पाळला. घरोघर फिरून सहा खवले गोळा केले. शिवणवालीने देताना असं तोंड केलं की जणू मी तिचं शिलाई मशीनच उचलून नेत होते. नर्सने विचारलं, परत कधी मिळेल. अडसराचं सांगायला माझी जीभ रेटली नाही, बघू म्हणाले.

सातवा मात्र आला नाही. तो तळमजल्यावरच्या जनरलांकडे आहे. ते कुठल्याही सैन्यात नव्हते, पण जिन्यात कोणी चप्पल वाजवली तरी खेकसतात, म्हणून सगळे जनरल म्हणतात. त्यांनी कोरफड नेली आहे. मागायला गेले, तर खिडकीत तिच्याजवळ खुर्ची टाकून बसलेले. नवं पान फुटतंय, ते पुरतं उघडेपर्यंत राहू द्या, म्हणाले. आणि पुढे चक्क प्लीज म्हणाले! तूच सांग, कसं आणू?

घाबरू नकोस. त्या जागी मी नरसाळं टांगलंय, तेल ओतायचं. वरून पाणी ओतून बघितलं, थेंबही सांडला नाही. लाल रंगाचं आहे, तेवढं साहेबांना फूल म्हणून खपवता येईल.

तुझ्या भिंतीबद्दल विचारलं होतं. ती ओळ पुसट झाली होती का?

लवकर ये, उपाशी येऊ नकोस, म्हणजे आल्या आल्या माझ्यावर चिडणार नाहीस.

तुझी आत्या

ता. २२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा तू आत चहा करत होतीस तेव्हा बाहेर काय झालं, ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

सकाळी मी अडसर लावले नाहीत. तू कारण विचारलंस, मी ड्रिल विसरले म्हणाले. ड्रिल पिशवीत होतं.

साहेबांनी पाणी ओतलं. ते खालपर्यंत नीट गेलं. त्यांनी नरसाळ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते फूल आहे असं मी म्हणाले नाही. तेवढ्यात दार उघडं बघून नर्स आत आली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, भिंतीवरून पुदिन्याचा खवला काढला आणि आठवड्याने आणते म्हणून निघून गेली. वरून अजून ठिबकणारं पाणी साहेबांच्या बुटावर पडू लागलं. तिच्या मागोमाग चष्मेवाले आले. त्यांनी नेचा उचलला आणि छत्री टांगली. बाहेर ऊन होतं.

साहेबांनी विचारलं की कुंडी अशी सहज निघते, हा दोष आहे की सोय. अडसर माझ्या हातात होते. ड्रॉइंगमध्ये तर मी ती सोय फक्त साफसफाईसाठी दाखवली आहे. मी म्हणाले, सोय आहे, आणि मुद्दाम ठेवली आहे. हे खरं नव्हतं, पण म्हणेपर्यंत खरं झालं. पुढे मी त्यांना वायरमनची गोष्ट सांगितली. तुला न विचारता सांगितली, त्याबद्दल रागावू शकतेस. ते हसले नाहीत. नंतर तू चहा आणलास आणि केकचा विषय काढलास.

निर्णय असा: कारखान्याला होकार नाही, नकारही नाही. दोन महिन्यांची मुदत मिळाली आहे. खवला काढला तरी पाणी पुढे जाईल, अशी छोटी पन्हळ प्रत्येक हुकाखाली करायची आहे. नमुना म्हणून ऑफिसने तुझं नरसाळं ठेवून घेतलं आहे. दिवसाचा अर्धा वेळ मात्र मला जाळ्याच आखाव्या लागतील. शिवाय निघताना साहेबांनी मनीप्लांटचा खवला नेला, तो त्यांच्या टेबलावर आहे. परत मागायची माझी हिंमत नाही. तू पत्र घाल.

ओळ पुसट नव्हती. माझ्या भिंतीवर दोन खिळे आहेत. एकावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे, दुसरा रिकामा आहे.

मला एक खवला हवा आहे. जनरलांचं पान उघडलं की कोरफडीसाठी माझा नंबर लाव. तोपर्यंत कोणताही चालेल. अनामत म्हणून अठरा पितळी अडसर ठेवीन. त्यांचा आता उपयोग नाही.

न्यायला शनिवारी चार वाजता येईन. किल्ली आहे, पण बेल वाजवीन. चालेल की नाही, ते बुधवारपर्यंत कळव.

तुझी
मोजपट्टी