शूनेमकरिणीची उरलेली गोष्ट

प्रिय आई,

रिहे गावच्या आपल्या घरी ओट्यावर बसून आपण भिजवलेले वाल सोलत होतो, आठवतं? मी मिशनच्या बोर्डिंगातून सुट्टीला आले होते. दाणे माझ्या बोटांतून सटकून अंगणात पळायचे आणि कोंबड्या टपलेल्याच. तू म्हणालीस, "सिस्टर लोकांनी इंग्रजी शिकिवलं, वाल सोलायला न्हाई शिकिवलं व्हय?" आणि हसत हसत शास्त्रातल्या, बायबलातल्या, त्या शूनेम गावच्या बाईची गोष्ट सांगायला लागलीस.

आज लिहितेय ती त्या बाईमुळेच. रविवारी तुझ्या स्मरणाची प्रार्थना आहे. तुला जाऊन दोन वर्षं होतील. पाळकसाहेबांनी मला शूनेमकरिणीवर बोलायला सांगितलंय. "लीलाताई, फार खोलात नको," म्हणाले. "पोटचं मूल मेलेलं असताना ती बाई 'सगळं ठीक आहे' म्हणाली. तुमच्या आईही तशाच, कधी कुरकुर नाही. आणि आता तुमची शोभा!"

शोभाचं तुला कुठून कळणार? तुझ्या लाडक्या नातीचं, वहिनीच्या लेकीचं बाळ गेलं गं. मुलगा होता. आठवड्याचाही झाला नव्हता. नावसुद्धा ठेवलं नव्हतं त्याचं.

मी भुकूमला तिच्या सासरी जाते, तर ती माझ्यापुढे चहा ठेवते. बिस्किटं ठेवते. "ठीक आहे गं मी. तू चहा घे, गार होतोय." हुबेहूब तुझा सूर! जेवायला बसली की भात नुसता बोटांनी फिरवते. डोळ्यांतून टिपूस नाही. आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका कौतुकाने मान डोलावतात, "आजीवर गेलीय हो पोरगी. केवढा हा विश्वास!"

संताप होतो माझा, आई! कसलं कौतुक? पोरगी आतल्या आत वाळत चाललीय.

तुझंही असंच नव्हतं का? शोभाच्या लग्नाच्या गडबडीत मी घरी आले, तेव्हा तू डावा हात अंगाशी घट्ट धरून वावरत होतीस. मी विचारलं. "ठीक हाय गं. चुलीपुढं बसून अंग आखडलंय." लग्न झालं, मांडव उतरला, आणि डॉक्टरांनी छातीतली गाठ पाहून मान खाली घातली. किती उशीर केलास!

तुला माती दिल्यावर शेजारची हौसामावशी माझ्याजवळ येऊन बसली. "मला ठावं हुतं, लीला. अंग चोळताना गाठ हाताला लागली हुती. म्हनली, पोरीचं लगीन हुंदे, मग सांगू."

"अगं मावशी, मग मला का नाही कळवलंस?"

"कशी कळवू? तुझी आय लई हट्टी. म्हनली, तोंड उघडलंस तर तुझ्या घरी ताक धाडनं बंद!"

हसावं की रडावं, मला कळेना.

आता भाषणासाठी मी तो अध्याय काढला. तुझ्याच मोठ्या अक्षरांच्या शास्त्रातून, शेवटपर्यंत वाचला. आई, तू मला अर्धीच गोष्ट सांगितली होतीस! नवऱ्याने विचारलं, आज कुठे निघालीस? तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे. वाटेत अलीशा संदेष्ट्याचा नोकर विचारायला पुढे आला. त्यालाही तेच म्हणाली. तुझी गोष्ट तिथेच संपायची. पण ती बाई तिथे थांबली कुठे? तुला मुलगा होईल असा देवाचा निरोप ज्याने तिला दिला होता, त्या संदेष्ट्याकडे डोंगरावर जाऊन तिने त्याचे पायच धरले. नोकर तिला ढकलायला लागला. संदेष्टा म्हणाला, राहू दे तिला, तिचा जीव कडू झालाय. मग ती बोलली. मी मागितला होता का मुलगा? मला फसवू नका, असं मी सांगितलं नव्हतं का? आणि तो सोबत निघेपर्यंत ती जागची हलली नाही!

विश्वास म्हणजे हे, आई. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जाऊन भांडणं. वाटेवरच्या नोकराला तिने 'ठीक आहे' म्हणून वाटेला लावलं. तू मला त्या नोकरात जमा केलंस का गं? मी तर तुझी लेक होते!

मी पाळकसाहेबांना सांगितलं, बोलेन तर पूर्ण अध्याय वाचून बोलेन. ते म्हणाले, "लोकांच्या मनात भलतं येईल, लीलाताई." म्हटलं, येऊ दे.

एक अडचण आहे. त्या बाईचा मुलगा शेवटी शिंकला आणि उठून बसला. शोभाचा उठणार नाही. ती पुढच्या बाकावर बसलेली असेल आणि हेच विचारेल. तुझ्याकडे याचं उत्तर होतं का? खरं सांग, एकटी असताना तू कधी देवाशी भांडलीस का? भांडली असशील तर मला बरं वाटेल.

तुला वचन देते. रविवारी मी शोभाला 'आजीसारखी' म्हणू देणार नाही, कुणालाच. प्रार्थना झाली की तिला माझ्या घरी घेऊन येईन. ती रडेल, ओरडेल, देवाला वाटेल ते बोलेल. मी तिला गप्प करणार नाही.

आणि तुझ्या वस्तूंचं काय ते एकदाचं करून टाकते. नऊवारी लुगडी हौसामावशीला. तिने आधीच सांगून ठेवलंय, हिरवं तिलाच हवं. पितळी स्टो वहिनीला. पाटा-वरवंटा घरीच राहील, तो उचलणार कोण! तुझं शास्त्र मंडळीने मागितलंय, पण ते मी शोभाला देणार आहे. तिने रागाने भिंतीवर आपटलं तरी चालेल. पुठ्ठा सुटला तर मी पुन्हा शिवून आणेन.

अजून तुझ्यावर रुसलेली,
तुझीच
लीला