साहेबांच्या वजनाची घंटा

आबा, तुम्हा दोघांना नमस्कार.

इतकं शिकूनही माणूस ठोंब्याच कसा राहतो? मला पदवी मिळाली, पण याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

मी सांभाळते त्या वसतिगृहातल्या चिमणी नावाच्या पोरीला झोपेत फिट येते. म्हणून तिच्या गादीखाली यंत्र बसवलं. झटके आले की घंटा वाजते, पण ते निजणाऱ्याच्या वजनाप्रमाणे जुळवावं लागतं. उद्घाटनाला आमचे साहेब आले, बुटांसकट स्वतःच गादीवर आडवे झाले, यंत्र आपल्याच वजनाला जुळवून घेतलं आणि फोटोपुरते थरथरले. घंटा वाजली, टाळ्या पडल्या.

"साहेब, पोरगी जेमतेम सोळा किलोंची आहे," मी म्हटलं.

"मग तिला जेवायला घाला!"

मी वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

वरिष्ठांना उलट बोलू नकोस, असं तुम्ही बजावलंत. नाही बोलले. चिमणीला निजवून यंत्र नव्याने जुळवलं आणि घंटा माझ्या उशाशी आणली.

तुमची ठकी